खाली मुलीची सही

३ जुलै

धाकट्या,

आशीर्वाद लिहिले तरी तू घेणार नाहीस, म्हणून लिहीत नाही. कागदाच्या डोक्यावर ते आहेत असं समज आणि पुढे वाच. हे पत्र ऑफिसातून नाही, घरून लिहितेय. म्हणजे कॉलेजच्या विद्यार्थी सहाय्य कक्षातली बाई तुला लिहीत नाहीये, तुझी थोरली बहीण लिहितेय. फोन तू उचलत नाहीस. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं.

मुद्द्याचं आधी सांगते. खारूचा अनुदानाचा अर्ज नाकारला गेला. दुसऱ्या वर्षाचं शुल्क ऑगस्टच्या मध्यापर्यंत भरलं नाही तर तिची जागा दुसऱ्या कुणाला तरी जाईल. तुझ्या लेकीने हे तुला सांगितलं नसणार, कारण तिने मलाही सांगितलं नाही. नाकारलेल्यांची यादी आमच्या दाराबाहेरच्या फळ्यावर लागते. ती मीच टाचण्या मारून लावते, आणि लावता लावता मला त्यात माझी भाची सापडली. पुढे कारण लिहिलं होतं: कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त.

अरे, माझी सगळी नोकरी गेली उत्पन्न लपवणाऱ्यांशी डोकं लावण्यात. गाडी दोन गल्ल्या पलीकडे उभी करून फाटक्या चपला घालून येणारे पालक मी पाहिलेत. एक गृहस्थ तर आपल्या घराला वरचा मजला आहे हेच विसरले होते, भाडेकरूंसकट. पण उत्पन्न वाढवून लिहिणारा माणूस या खिडकीवर आजवर आला नव्हता. तो पहिला आला, आणि तो माझ्याच आईच्या पोटचा निघाला!

मी खारूला कॅन्टीनमध्ये नेऊन तिच्याकडची प्रत मागितली. तुझं ते देखणं अक्षर, प्रत्येक आकडा पाटीवर रंगवावा तसा काढलेला. मी चष्मा पुसून परत वाचलं. अख्ख्या बाजाराच्या पाट्या तुझ्या हातच्या होत्या, त्या वर्षीसुद्धा तू एवढे कमावले नव्हतेस. आता तर जो तो छापील फलक लावतो. तुझी बायको पडदे शिवते म्हणून घर चालतं, हे मला कळायला तू बोलायला हवंस असं नाही.

"खारू, हे काय आहे?" मी विचारलं.

"बाबांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल, आत्या," असं म्हणून ती बशीतल्या बिस्किटाचा चुरा बोटाने गोळा करत बसली. शेजारच्या खुर्चीवर तिची पिशवी होती, नेहमीसारखी दगडांनी भरलेली. भूगर्भशास्त्र शिकणाऱ्या पोरीला पुस्तकांचं ओझं कमी पडतं बहुतेक.

तू असं का केलंस ते मला पक्कं ठाऊक आहे. माझ्या घरी शेवटचा जेवायला आलास तेव्हा मी म्हणाले होते, ब्रश खाली ठेव आणि छापखान्यात नोकरी धर. तू अर्ध्या ताटावरून उठलास. मी तेव्हाही बरोबर होते आणि आजही आहे, पण ते भांडण आपण म्हातारपणासाठी राखून ठेवू. आता ताईच्याच ऑफिसात कागद जाणार, ताई वाचणार आणि मनात हसणार, म्हणून तू छाती फुगवून आकडा लिहिलास. तर ऐक. नात्यातल्या माणसाचा अर्ज असला की आम्हाला त्याला हात लावायची परवानगी नसते. खारूचा अर्ज पहिल्या दिवसापासून पलीकडच्या टेबलावर आहे. तिथे बसणाऱ्या मुलाला आम्ही नियमराव म्हणतो, त्यावरून काय ते ओळख. मी तुझा आकडा तेव्हा पाहिलाच नव्हता, तू फुकट फुगलास!

चूक सुधारता येते. ३१ जुलैपर्यंत पालकाने खिडकीवर येऊन, आमच्यासमोर, स्वतःच्या हाताने उत्पन्नाचं नवं निवेदन लिहायचं. खाली विद्यार्थ्याने 'वरील मजकूर मी वाचला आहे' असं लिहून सही करायची. अर्ध्या तासाचं काम आहे. ये.

तुझी ताई

१२ जुलै

धाकट्या,

तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं ही तुझी लहानपणची सवय. आई म्हणायची, हा रुसला की आधी सांगत नाही आणि नंतरही सांगत नाही. पण माझ्याकडे तेव्हासारखा रिकामा वेळ नाही, म्हणून मीच बोलते.

तुला वाटत असेल की एक दार बंद झालं तर ताई दुसरं उघडेल. दारं आहेत, मी नाही म्हणत नाही. दिवसभर खिडकीवर तीच तर दाखवत असते. तुझे भाऊजी म्हणतात, मी झोपेतही बरळते, "अनुदान आणि शिष्यवृत्ती परत करायची नसते, कर्ज परत करायचं असतं." आता तुझ्या लेकीपुरतं एकेक दार ऐक.

गुणवत्तेची शिष्यवृत्ती मार्कांवर मिळते, तिथे उत्पन्न कुणी विचारत नाही. खारूची ती थोडक्यात हुकली. खनिजांच्या पेपरच्या दिवशी तिला ताप होता. तापाचे मार्क द्यायची पद्धत अजून निघालेली नाही.

देणगीदारांचे निधी आहेत. कुणी आईच्या नावाने ठेवलाय, कुणी मुलाच्या. एक घड्याळजी जाताना आपली सगळी पुंजी घड्याळजींच्या मुलांसाठी ठेवून गेले, आणि आता घड्याळजीच उरले नाहीत म्हणून ते पैसे तसेच पडून आहेत. पाट्या रंगवणाऱ्यांच्या मुलांसाठी निधी ठेवून अजून कुणी गेलेलं नाही. तुझा विचार असेल तर आधी शिल्लक टाक!

तातडीचा निधी आग लागली, अपघात झाला, घरातलं कमावतं माणूस गेलं, अशा वेळी एकदाच मिळतो. बापाच्या हट्टाला आम्ही आपत्ती धरत नाही. मी आमच्या कक्षाच्या प्रमुख बाईंना विचारून पाहिलं, त्या हसल्या.

मग काम करून शिकायची सोय आहे. ते खारू करतेच आहे. सकाळी कॉलेजच्या पुस्तकांच्या दुकानात खोकी फोडते, संध्याकाळी प्रयोगशाळेतले नमुने धुऊन लेबलं लावते. यातून पुस्तकांचे आणि जाण्यायेण्याचे निघतात, शुल्काचे निघत नाहीत. परवा मी डबा घेऊन गेले तर पोरगी एका खोक्यावर बसल्या बसल्या झोपली होती.

राहता राहिलं कर्ज. आणि इथे गंमत बघ. कर्जाला जामीनदार लागतो, जामीनदाराचं उत्पन्न भरपूर लागतं, आणि तुझ्या या आकड्यावर बँक आनंदाने कर्ज देईल. तू लिहिलेल्या पैशांनी तिला फक्त कर्ज मिळू शकतं. ते फेडायचं मात्र खऱ्या पैशांनी, आणि पदवी हातात पडायच्या आत हप्ते तिच्या मानेवर बसतील. तिने बँकेचे कागद आणलेत. मी विचारलं तर म्हणाली, "बघते, आत्या. नाहीतर एक वर्ष थांबते." एक वर्ष थांबते म्हणणारे मी खूप पाहिलेत. परत आलेले मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

म्हणून म्हणते, तुझ्या लेकीसाठी योग्य दार एकच आहे, आणि त्याला तूच आतून कडी घातली आहेस. नाकावरचा राग घरी ठेवून ये. तिथे तुला कुणी हसणार नाही. गरज असलेल्यासाठीच ते पैसे ठेवलेले असतात, कुणाच्या खिशातून उपकार म्हणून येत नाहीत.

ताई

१९ जुलै

धाकट्या,

तुझा कागद मिळाला. कसल्याशा डब्याच्या वेष्टणाच्या मागे लिहिलंयस, तरी काय अक्षर काढतोस रे! भाऊजींनी आधी अक्षराचं कौतुक केलं, मग मजकूर वाचला आणि कागद माझ्या हातात परत दिला.

मजकूर मी इथे पुन्हा उतरवते, कारण तू काय लिहून बसलास हे तुला दुसऱ्याच्या अक्षरात दिसायला हवं. "ताई, तुझं ऑफिस मला काय समजतं याची पर्वा नाही. तू हसलीस तरी चालेल. पण खाली खारूची सही लागते. तिने वाचायचं असेल तर मी लिहिणार नाही."

तीन दिवस मी हे पर्समध्ये घालून फिरतेय. दोन पत्रं भरून मी तुला गर्विष्ठ म्हटलं, आणि गोष्ट भलतीच होती. तो आकडा तू ऑफिससाठी लिहिलाच नव्हतास. माझ्यासाठीही नाही. तू लिहीत होतास तेव्हा ती शेजारी बसली असेल ना? टेबलावर कोपर टेकून, तुझ्या हाताकडे बघत? लहानपणापासून ती तशीच बघते. आणि तू रोज घरी येऊन सांगत आलास, आज मोठं काम मिळालं, उद्या आणखी एक मिळणार आहे. त्या सगळ्या मोठ्या कामांची बेरीज तिला कागदावर दिसायला हवी होती. ती तू लिहून दाखवलीस.

मला राग यायला हवा होता, आला नाही. मला रडू आलं. तुला उगीच कळू नये म्हणून हे लिहिणार नव्हते, पण लिहिलं.

काल मी नियमरावांना आडून विचारलं, विद्यार्थ्याने न वाचता सही केली तर? ते म्हणाले, नाही. पालकाने वेगळं बंद पाकीट दिलं तर? नाही. समजा एखाद्या बापाला लाज वाटत असेल तर? त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, पूर्वी बाप एक लिहायचा आणि मुलगा दुसरं सांगायचा. मग दोघांपैकी एकाला खोटं ठरवायची वेळ आमच्यावर यायची. म्हणून एकाच कागदावर दोघं." मग विचारलं, "तुमच्या ओळखीचं कुणी आहे का?" मी म्हटलं, लांबचे आहेत. तू सध्या लांबचाच आहेस.

तर नियम हलणार नाही. मी तुला पटवायच्या भानगडीत पडत नाही, ते मला आजवर कधी जमलेलं नाही. फक्त एवढं विचारते. खरं वाचलं तर तू तिच्या नजरेतून उतरशील असं तुला वाटतं. मग ती आत्ता तुझ्या आकड्याच्या पायी खोकी फोडतेय, ते चालतं तुला? ती थांबली, कुठेतरी चिकटली, दगडांची पिशवी माळ्यावर गेली, तर तो आकडा मिरवायला तुझ्यासमोर उरणार कोण?

कडक झालं. पण खोडत नाही.

ताई

२७ जुलै

धाकट्या,

हे नुसतं कामाचं. सहाय्य कक्ष मुख्य इमारतीत, जिना चढून डावीकडे. खिडक्या तीन. पहिलीवर मी असते, तिथे यायचं नाही. तू तिसरीवर जा, बारीक मिशीचा मुलगा दिसेल, तेच नियमराव. तुझं ओळखपत्र आण. पेन आण, आमच्याकडची दोरीला बांधलेली असतात आणि ती कधी उठत नाहीत. ब्रश आणू नकोस.

तुझा अर्ज निघाला की मला टेबल सोडून आतल्या खोलीत जावं लागतं, तसं मी आधीच कळवून ठेवलंय. म्हणजे तुला माझं तोंड बघावं लागणार नाही, ही सोय कॉलेजने फुकट केली आहे. खारू रोज दुपारी तीन नंतर मोकळी असते. तिला मी काही बोललेले नाही. बोलवायचं असेल तर तूच बोलव.

शेवटची तारीख ३१. संध्याकाळी पाचला खिडकी बंद होते, आणि नियमराव घड्याळ लावूनच जन्माला आलेत.

ताई

९ ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

मंजुरी काल आली. खारूने तुला सांगितलंच असेल, तरी माझ्याकडून पण ऐक. शुल्क पूर्ण माफ, आणि ही रक्कम परत करायची नाही. पुस्तकांचं ती दुकानातल्या कामातून बघेल, पण प्रयोगशाळेतलं धुणं सोडायला मी सांगितलंय. बँकेचे कागद तिने माझ्यादेखत फाडले आणि तुकडे कचऱ्यात न टाकता दगडांच्या पिशवीत टाकले. तुझीच पोरगी, काही वाया घालवत नाही.

त्या दिवशी शेवटच्या घटकेला का होईना, आलास. इस्त्रीचा शर्ट, नखांत हिरवा रंग. नियमरावांनी अर्जाचा क्रमांक वाचला तशी मी उठले, आत गेले आणि दार लावलं. दार लावायचा नियम आहे. दाराला काच आहे, तिच्याकडे पाठ करून बसायचा नियम मला कुठे सापडला नाही.

पुढचं तुला माहीत आहे, तू तिथेच होतास. तरी मला ते एकदा लिहू दे. तू निवेदन लिहिलंस, कागद खारूकडे सरकवलास आणि भिंतीवरच्या सूचना वाचायला लागलास. तिने डावा तळहात तुझ्या अक्षरांवर पसरला आणि उजव्या हाताने खाली सही करायला लागली.

"आधी वाचा, मग सही करा," नियमराव म्हणाले.

"वाचलं."

"हात काढून वाचा."

तिने हात काढला नाही. ती सही अर्धी ठेवून तशीच बसली. मग तूच तिचं मनगट धरून हात बाजूला केलास. "वाच," म्हणालास. एवढं एकच बोललास. काचेमागून ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं.

आधीचं आणि पुढचं बोलणं नियमरावांनी मला नंतर सांगितलं. सांगताना त्यांचा स्वर त्यांच्या नेहमीच्या स्वरासारखा नव्हता. ती वाचून म्हणाली, "बाबा, अजून जास्त आहे." तू म्हणालास, नाही, सगळं खरं लिहिलंय. ती म्हणाली, "औषधाच्या दुकानाची पाटी धरलीत. ते पैसे त्यांनी दिलेच नाहीत ना. आणि शाळेच्या फळ्यांचं काम त्याच्या आधीच्या वर्षीचं."

तू खुर्ची मागे सरकवलीस. मला आत वाटलं, उठतो आता, ताटावरून उठला तसा. पण तू कागद परत ओढलास आणि खोडायला लागलास. नियमराव म्हणाले, खाडाखोड चालत नाही. आणि कोरा कागद पुढे केला. "कोरा कागद किती वेळा द्यायचा ते नियमात नाही," हेही त्यांनीच मला सांगितलं, आपण काहीतरी चुकीचं केलंय असा चेहरा करून. मी त्यांना दुसऱ्या दिवशी चहा पाजला.

मग तू लिहीत गेलास आणि ती सांगत गेली. कुठल्या महिन्यात काय आलं, कुणी बुडवलं, कुणाला तूच नको म्हणालास. आईच्या पडद्यांचं वेगळं लिहा, म्हणाली. तिला सगळं पाठ होतं, धाकट्या. तू दारातून येऊन मोठ्या कामाच्या गोष्टी सांगत होतास तेव्हाही तिला पाठ होतं. पहिला खोटा कागद तिने गपचूप सही करून दिला, तो तुला खोटं पाडायला नको म्हणून. अनुदान गेलं तरी ती माझ्यासमोर बिस्किटाचा चुरा गोळा करत बसली आणि बोलली नाही. तुम्हा दोघांना एकमेकांची इतकी काळजी आहे की त्यात कॉलेज बुडायला आलं होतं.

काम झाल्यावर तू माझ्या दाराशी आलास, काचेवर टकटक केलंस आणि "येतो" म्हणालास. मी "ये" म्हणाले. तेवढं सध्या पुरे आहे. भाऊजी विचारत होते, रविवारी जेवायला बोलवू का? मी म्हटलं, बोलवा, या वेळी मी जेवताना फक्त जेवेन.

पण हे पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. तिथे असूनही तुला दिसली नाही अशी एक गोष्ट आहे. सांगू की नको यात दोन दिवस घालवले. तू मान खाली घालून लिहीत होतास. तुला वाटत असेल, ती समोर बसून तुझे आकडे तपासत होती. ती आकड्यांकडे बघत नव्हती. तुझ्या डोक्याकडे बघत होती, टाळूवर केस विरळ झालेत तिथे, आणि सांगता सांगता तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. आवाज जरासुद्धा हलू दिला नाही तिने, नियमराव सांगत होते. तू शेवटच्या ओळीवर आलास तसे तिने दोन्ही बाह्यांनी डोळे घाईघाईने पुसले, नाक पुसलं आणि ताठ बसली. मग तू वर बघितलंस.

ताई